घाट कोणता घ्यायचा?

पहाटे पावणेपाचची वेळ. दादरच्या एखाद्या इमारतीखाली डिकीत शेवटची पिशवी बसवली जाते, पाण्याच्या बाटल्या मोजल्या जातात, आणि दार लावता लावता कुणीतरी विचारतंच, "कुठून जायचं?" मोबाइलवर तोवर निळी रेघ उमटलेली असते. किती तास, किती मिनिटं, टोल कुठे, सगळं तिच्यात आलेलं असतं. तरीही मागच्या सीटवरून आजी विचारते, "घाट कोणता घेणार?"

खरा प्रश्न आजीचाच. मुंबई ते पुणे साधारण दीडशे किलोमीटर. अलीकडची खाडी आणि पलीकडचं मावळ यांच्यामध्ये सह्याद्री आडवा उभा आहे. तो कुठे चढायचा हे एकदा ठरलं, की नाश्ता कुठे, ऊन कुठे लागणार, उलटीची गोळी कधी द्यायची, हे सगळं आपोआप ठरतं. कोकणातून देशावर जाणाऱ्या माणसाला हा प्रश्न किमान दोन हजार वर्षं पडत आला आहे.

पहिली निवड अर्थात खाडीवरच करावी लागते. दक्षिण मुंबईतून निघणाऱ्याला जानेवारी २०२४ पासून अटल सेतू मिळाला. शिवडीहून न्हावाशेवाकडे जाणारा हा पूल २१.८ किलोमीटर लांब आहे. भरती-ओहोटीच्या त्या चिखलपाण्यावर हिवाळ्यात रोहित उतरतात. शीव किंवा चेंबूरकडचा माणूस मात्र अजून वाशीचा पूलच धरतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथला हलक्या गाड्यांचा टोल माफ झाला, त्यामुळे त्याच्याकडे आता आणखी एक कारण आहे.

कळंबोलीला एक्स्प्रेसवे आणि जुना हायवे अशी वाट फुटते. डावी-उजवी बघून ठरवायला तिथे फार वेळ मिळत नाही, म्हणून मनाशी आधीच ठरलेलं बरं.

एक्स्प्रेसवेवर चढलं की गाडीचा आवाज बदलतो. खाली काँक्रीट, दोन्ही बाजूंना कुंपण, मध्ये ना चौक ना सिग्नल. कळंबोली ते किवळे, साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, सहा पदरी. २००२ मध्ये तो पूर्ण झाला आणि मुंबई-पुण्याच्या दोन्ही टोकांना संसार असलेल्या कितीतरी घरांचं वेळापत्रक बदललं. सकाळी निघून मुलीचं बाळंतपण बघायचं आणि रात्री घरी परतायचं, हे आवाक्यात आलं. मोटारीचा टोल एप्रिल २०२३ मध्ये ३२० रुपये झाला, तरी आजारी वडिलांकडे निघालेला मुलगा तो हिशेब करत बसत नाही. वेळ वाचवणारा रस्ता हा मोठा आधार असतो आणि त्याचं मोल कमी लेखू नये.

पण हा रस्ता सगळ्यांचा नाही. दुचाकी आणि रिक्षांना इथे मनाई आहे. मोटारसायकलवर पुढे मूल आणि मागे बायको घेऊन गावी निघालेल्या माणसासाठी निवड आधीच झालेली असते. त्याचा रस्ता जुना हायवे.

जुना हायवे गावं चुकवत नाही. पनवेल, चौक, खोपोली. घाट चढून खंडाळा, लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव. शाळा सुटलेली असते, बैलगाडी आडवी येते, कुणाच्या तरी लग्नाचा मांडव रस्त्याला टेकलेला असतो. खोपोलीत गाडी थांबते ती वडापावसाठी. कागदात गुंडाळलेला, बोटं भाजणारा वडा, तळलेली मिरची, आणि समोर डोंगरावरून उतरलेले जलवाहिन्यांचे प्रचंड नळ. घाटमाथ्यावरच्या वळवण, लोणावळा, शिरोटा या तलावांचं पाणी त्या नळांतून खाली येतं. १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्या या पाण्याच्या जोरावर फिरू लागल्या. वडापाव खाणाऱ्या पोराला वडील बोट दाखवून हे सांगतात. एक्स्प्रेसवेवर हे सांगायला गाडी थांबत नाही.

खोपोली सोडली की चढ लागतो. इथे जुन्या चालकांचे नियम अजून चालतात: ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा, उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायची नाही, चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. बोरघाटातून चाकांच्या गाड्या जातील असा रस्ता १८३० साली झाला. त्या वर्षी १० नोव्हेंबरला मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी तो खुला केला. रेल्वे हा घाट चढली १८६३ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांतला माल बैलांच्या पाठीवरून याच डोंगरांतून वर जात होता. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी मावळात या वाटांच्या आसपास कोरली गेली ती काही योगायोगाने नाही.

घाटाची निवड चुकली तर काय होतं, हेही याच डोंगरांनी दाखवलं आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत शायिस्ताखानाचा सरदार कारतलबखान पुण्याकडून कोकणात उतरायला निघाला. त्याने कुरवंड्याची वाट धरली. खाली उंबरखिंडीत दोन्ही बाजूंना दाट रान आणि मध्ये चिंचोळी वाट. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, आणि शिवाजी महाराजांचे लोक वरून वेढून बसलेले. बरोबरच्या रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला आणि सामान टाकून परत गेला. पुढे ११८ वर्षांनी मुंबईहून निघालेली इंग्रज फौज बोरघाट चढून तळेगावपर्यंत रेंगाळत पोचली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला तिला मराठ्यांपुढे नमावं लागलं. आज त्या वडगावावरून जुना हायवे जातो.

कल्याण-डोंबिवलीकरांचं गणित वेगळं. त्यातले बरेच जण कर्जतवरून खोपोली गाठतात. जुन्नर, नारायणगावकडे माहेर असलेली घरं मात्र मुरबाडवरून माळशेज घाट धरतात. श्रावणात माळशेजचे कडे पाण्याने पांढरे होतात, ढग काचेला येऊन चिकटतात आणि वायपर चालू ठेवून गाडी वीसच्या वेगाने सरकते. पावसाचा जोर असेल तर तिथे जाऊ नये. दरडी कोसळतात, समोरचं वळण दिसत नाही. या घाटापासून जवळच नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळात जुन्नर आणि कल्याण यांना जोडणारी ती वाट. वरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी दगडात घडवलेला भला मोठा रांजण. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. आत वाकून पाहिलं तर तळाशी पावसाचं पाणी, पानं, क्वचित एखादं शेवाळलेलं आजचं नाणं दिसतं. काठ गुळगुळीत झालेला असतो. फास्टॅगचा बीप ऐकत आलेल्या माणसाने एकदा तरी त्या काठावर हात ठेवावा.

ज्यांना घाई नाही, ते माणगाववरून ताम्हिणी चढतात. हा रस्ता लांबचा, पण मुळशी धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने पौडमार्गे पुण्यात शिरतो. त्या पाण्याखाली गावं आणि भातखाचरं गेली आहेत. १९२१ मध्ये सेनापती बापट मावळ्यांबरोबर ती वाचवायला उभे राहिले होते. तरी धरण झालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठाचा तांबूस पट्टा रुंद होत जातो आणि गाडीतलं बोलणं थोडा वेळ थांबतं.

एक्स्प्रेसवे घ्या की जुना हायवे, बोरघाटात दोन्ही एक होतात. आडोशी बोगद्यापासून खंडाळ्यापर्यंत दोन्ही रस्त्यांची वाहनं एकाच वाटेवर येतात, आणि शनिवारी सकाळी इंजिनं तापून कडेला लागलेल्या गाड्यांची रांग तिथेच दिसते. ही कोंडी फुटावी म्हणून एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल स्फोटाने पाडला गेला. कित्येकांच्या लहानपणी 'घाट आला' ही खूण त्या पुलाची होती. खोपोली ते कुसगाव अशी १३.३ किलोमीटरची नवी वाटही आखली गेली: दोन बोगदे आणि दरीवर तारांनी तोललेला पूल. घाटातलं सुमारे सहा किलोमीटर अंतर तिने वाचतं.

बोगद्यातून गाडी सुसाट जाईल आणि ते चांगलंच आहे. फक्त वर, जुन्या वळणावर, शिंगरोबाचं देऊळ आहे, हे विसरलं जाऊ नये. शिंगरोबा धनगर या रानात मेंढरं चारायचा. साहेबाला घाटातून वाट सापडेना, ती त्याने दाखवली. बक्षीस काय हवं, असं विचारल्यावर त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि त्याला गोळी घातली गेली, अशी कथा पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. मोजणीची साधनं घेऊन आलेल्यांना जे दिसलं नाही, ते मेंढरांमागे फिरणाऱ्याच्या पायांना ठाऊक होतं.

दादरहून निघालेली ती गाडी आज जुन्या हायवेने आली आहे. आजीने कळंबोलीच्या आधीच सांगून ठेवलं होतं. देऊळ दिसताच चालक दुसरा गिअर टाकतो. थांबत नाही, मागे ट्रक आहे. आजी काच खाली करते. मुठीत घट्ट धरल्याने गरम झालेलं दोन रुपयांचं नाणं ती देवळाच्या बाजूला टाकते. खण्णकन आवाज होतो. मागच्या ट्रकमधूनही एक हात बाहेर येतो.