पाठीमागचे कागद

देहूरोडच्या आमच्या वसाहतीत घरटी एक माणूस केंद्र सरकारी नोकरीत, त्यामुळे ‘डोसियर’ हा शब्द ओट्यावरच्या बायकांच्याही तोंडी होता. बढतीच्या यादीत कुणाचं नाव आलं नाही की म्हणायच्या, ‘डोसियर खराब झालं असणार.’ आत लिहिलंय काय, हे ज्याचं त्यालाही ठाऊक नसायचं. आमच्या घरचे दादा तर तसेच निवृत्त झाले.

पुढे मी एका कचेरीत कारकून म्हणून लागले आणि डोसियरचं कपाट रोज समोर आलं. लोखंडी, किल्ली साहेबांच्या खणात. आत प्रत्येकाच्या नावाचं पुठ्ठ्याचं फोल्डर, कोपऱ्याला भोक पाडून टॅगमध्ये ओवलेले वर्षावर्षाचे गोपनीय अहवाल. खालचे पिवळे पडलेले, वरचे पांढरे. अख्खी नोकरी बोटभर जाडीची, आणि शेरा जेमतेम दोन ओळींचा.

डोसियर हा शब्द फ्रेंच. ‘दो’ म्हणजे पाठ. गठ्ठ्याच्या पाठीवर चिठ्ठी डकवायची, म्हणून ‘दोसिए’. आपल्याकडे कागद रुमालात बांधत. पेशवे दफ्तर रुमालांतच आहे. पण त्यात गावांचा, परगण्यांचा कारभार. डोसियरात एकट्या माणसाचं माप, आणि तेही त्याच्या पाठीमागे घेतलेलं. मला ते कधीच पटलं नाही.

असंच माप सीमा रस्ते विभागातले अभियंते देव दत्त यांना नडलं. त्यांना १९९३-९४ सालचा शेरा मिळाला ‘चांगला’. बढतीसाठी हवा होता ‘अतिशय चांगला’. चांगल्या शेऱ्यानं माणूस मागे राहिला, आणि तो शेरा त्यांना कळवलाही नव्हता, कारण कळवायची पद्धत फक्त प्रतिकूल शेऱ्यांची. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे. वर्षभरानं केंद्राचा आदेश निघाला: अख्खा अहवाल कर्मचाऱ्याच्या हाती द्यायचा, आणि म्हणणं मांडायला १५ दिवस.

दुसऱ्याच्या हातातल्या कागदांचं म्हणाल तर, तुकोबांनी कर्जखतांतला आपला वाटा इंद्रायणीत बुडवला, ही देहूची गोष्ट दादा फार भक्तीनं सांगत. त्यांना त्यात वैराग्य दिसे. मला ते ऋणको दिसतात, ज्यांची नावं दुसऱ्याच्या गठ्ठ्यात होती आणि एके दिवशी सुटली.

सरकारी कागद बुडत नाहीत, आणि बुडूही नयेत. ज्याचे त्याला वाचता यावेत, एवढं पुरे. म्हणून नव्यानं लागलेल्या पोरांना मी बजावते: अहवाल आला की नुसता गुणांचा आकडा बघून सही ठोकू नकोस, शेरा नीट वाच. पटला नाही तर मुदतीत लिहून दे, आणि पोच घ्यायला विसरू नकोस.