कोल्हापुरातील अमेरिका

कोल्हापूरला पाहुणा आला की त्याचा फेरा ठरलेला असतो. अंबाबाईचे देऊळ, रंकाळा, न्यू पॅलेस, वेळ उरला तर पन्हाळा, आणि रात्री तांबडा-पांढरा. आम्हीही आजवर पाहुण्यांना हेच दाखवीत आलो. या खेपेस मात्र निराळे घडले.

पुण्याहून आमची भाची आली होती. तिला अमेरिकेतील एका विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. घरात पेढे वाटून झाले आणि रात्री जेवताना वाद निघाला. दुसऱ्यांच्या देशात फौजा घुसविणाऱ्यांच्या दारात शिकायला कशाला जायचे, असे आमच्या धाकट्या बंधूंचे म्हणणे. तेव्हा आमच्या मातोश्रींनी (वय वर्षे ब्याऐंशी) ताटावरून मान वर केली. म्हणाल्या, "माझं पहिलं बाळंतपण त्यांच्याच दवाखान्यात झालं, मिरजंला. गोऱ्या डॉक्टरनं हात लावून तपासलं. तवा गावात मला पाणीसुदिक वरनं ओतत होती लोकं." यावर कोणी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भाचीला घेऊन न्यू शाहूपुरीत गेलो. स्टेशनपासून चालत जाता येते. तेथे वायल्डर मेमोरियल चर्च आहे. या रस्त्याने आम्ही हजार वेळा गेलो असू, पण हा वायल्डर कोण, हे कधी विचारले नव्हते. फाटकाशी उभे राहून जे ठाऊक होते ते तिला सांगितले.

रॉयल गोल्ड वायल्डर हे अमेरिकेतील व्हरमाँट प्रांताचे. बोस्टनच्या 'अमेरिकन बोर्ड' या मिशनने त्यांना १८४६ साली नगरला पाठविले आणि १८५२ साली ते कोल्हापुरास आले. शाळा काढणे हा त्यांचा ध्यास. पण बोर्डाचे चिटणीस रुफस अँडरसन यांना मिशनने इंग्रजी शाळांवर खर्च करणे पसंत नव्हते. १८५४-५५ साली ते स्वतः हिंदुस्थानात आले आणि तशा शाळा बंद झाल्या. वायल्डर भांडले, मायदेशी परतले, आणि १८६१ साली बोर्डाला रामराम ठोकून स्वतःच्या हिमतीवर पुन्हा कोल्हापूर गाठले. पुढे १८७० साली ते प्रेस्बिटेरियन मिशनला मिळाले. मातोश्रींचा मिरजेचा दवाखाना याच मिशनच्या डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली उभारला. ते जन्माने कॅनडाचे, पण आमच्या आयाबायांच्या लेखी ते सगळे अमेरिकेचेच.

भाची म्हणाली, "मग मामा, हे तर चांगलेच लोक की!"

आता या अमेरिकन बोर्डाची दुसरी शाखा पाहा. बोर्डाची माणसे मुंबईस १८१३ साली उतरली. तेव्हा इंग्लंड-अमेरिकेची लढाई चालू होती आणि कंपनी सरकार त्यांना परत धाडायला निघाले होते. सात वर्षांनी, १८२० साली, याच बोर्डाची दुसरी तुकडी पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर पोहोचली. तिनेही शाळा काढल्या, तेथील भाषेला लिपी दिली. फरक पुढच्या पिढीत पडला. मिशनऱ्यांची मुले-नातवंडे उसाच्या मळ्यांत आणि राजकारणात शिरली. १८९३ च्या जानेवारीत त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी राणी लिलिउओकलानी हिला गादीवरून खाली ओढले. पुढारी लॉरिन थर्स्टन हा पहिल्याच तुकडीतील मिशनऱ्याचा नातू. नंतर अध्यक्ष झालेला सॅनफर्ड डोल हा मिशनऱ्याचा मुलगा. बंदरात 'बोस्टन' नावाची अमेरिकन युद्धनौका उभी होती. तिच्यावरचे १६२ शिपाई आदल्या दिवशीच होनोलुलूच्या रस्त्यावर उतरले होते. पाच वर्षांनी, १८९८ साली, ही बेटे अमेरिकेने आपल्या नकाशात घालून टाकली.

म्हणजे बोर्ड एकच. तिकडे देश गेला आणि इकडे शाळा व दवाखाना मिळाला. हे कसे?

येथून आम्ही रेसिडेन्सी क्लबाकडे वळलो. आत जाण्याचे कारण नव्हते, नावच पुरेसे होते. १८४४ साली सामानगड-भुदरगडच्या गडकऱ्यांनी बंड केले. त्यानंतर कोल्हापूरचा कारभार कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्याने हाती घेतला. राजे अज्ञान होते. वायल्डर आले तेव्हा गादी कोल्हापूरची आणि हुकूम इंग्रजाचा, अशी स्थिती होती. १८५७ साली येथे पलटण उठली, तेव्हा चिमासाहेबांना धरून कराचीला नेले. तेथेच ते वारले. येथे जमीन बळकावायला अमेरिकेला जागाच शिल्लक नव्हती. वायल्डरसाहेबांच्या नियतीवर आम्हास शंका घ्यायची नाही. शाळांसाठी स्वतःच्या वरिष्ठांशी भांडणारा माणूस तो. पण एकट्या भल्या माणसावरून त्याच्या देशाचा हिशेब मांडू नये, इतकेच.

वायल्डरांचे चिरंजीव रॉबर्ट हे तर कोल्हापूरचेच. जन्म १८६३, याच गावात. तरुणपणी ते अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकले. १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन येथे विद्यार्थ्यांचे शिबिर भरले होते. त्यात परदेशी जाण्याची शपथ घेणारे शंभर तरुण उभे राहिले, त्यामागे मुख्यतः हे कोल्हापूरकर होते. त्या चळवळीतून पुढील काळात सुमारे वीस हजार अमेरिकन तरुण-तरुणी परदेशी गेले. याच पिढीत साऱ्या जगाला ख्रिस्ताचा संदेश पोचवायचा, हे त्यांचे ब्रीद. त्यांनी तोफा मागितल्या नव्हत्या. परंतु त्याच पिढीने आरमारही बांधले. १८९८ साली स्पेनला हरवून अमेरिकेने फिलिपिन्स दोन कोटी डॉलरला घेतले. ज्यांचा देश विकला गेला, त्यांना कोणी विचारले नाही. ते लढले. १८९९ पासून तीन वर्षांत लढाई, उपासमार आणि पटकी यांत दोन लाखांच्या आसपास सामान्य माणसे मेली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मग १९०१ साली 'थॉमस' नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे शिक्षक तेथे गेले. तेथे शाळा बंदुकीच्या मागून आली. मार्क ट्वेनसारख्या अमेरिकन लेखकाने या साऱ्याला उघड विरोध केला होता, हेही सांगितले पाहिजे.

आपल्या समाजाच्या मनात अमेरिका म्हटले की दुसरेच चित्र येते. जोतीरावांनी 'गुलामगिरी' (१८७३) अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले. हे चित्र खोटे नाही. पण बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये अभ्यास करीत होते त्याच काळात, डिसेंबर १९१४ मध्ये, अमेरिकन नौसैनिकांनी हैतीच्या बँकेतील पाच लाख डॉलरचे सोने उचलून त्याच न्यूयॉर्कला आणले. १९१५ साली फौजच उतरली आणि १९३४ पर्यंत राहिली. हैती म्हणजे गुलामांनी बेड्या तोडून १८०४ साली स्थापन केलेले प्रजासत्ताक! एकाच शहरात एकीकडे ग्रंथालय आणि दुसरीकडे ती तिजोरी. भाची हे ऐकून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, ग्रंथालयात हैतीचं पुस्तक असेल ना? तिथंच वाचते."

दुपारी घरी आलो. मातोश्री सोप्यात जुन्या लुगड्यांचे तुकडे पसरून बसल्या होत्या. काय काय बघितले, असे त्यांनी विचारले. भाचीने बाकी सोडून राणीचीच गोष्ट सांगितली.

"पुढं काय झालं तिचं?"

"१८९५ साली तिच्याच राजवाड्यात एका खोलीत कोंडलं, आजी. आठ महिने. तिथं तिनं आणि तिच्या सखीनं रेशमी तुकडे जोडून एक गोधडी शिवली. वर स्वतःच्या आयुष्यातल्या तारखा भरल्या. अजून आहे त्या वाड्यात."

"वाकळ शिवली म्हण की," मातोश्री म्हणाल्या, आणि सुई भाचीकडे दिली. "जरा दोरा ओवून दे. तिकडं थंडी लई असती म्हणं."

वाकळीचे वजन काट्यावर तीन किलो भरले. विमानात तेवीसच किलो नेता येतात, म्हणून दोन जाड पुस्तके आमच्याकडेच राहिली आहेत.