काळ्या कागदातली नळी

उज्जैनच्या टावर चौकाजवळ मी रक्त तपासायचं काम करते. सेंट्रिफ्यूजमधून नळी काढली की यंत्राच्या आधी डोळ्यांनाच कळतं: सीरम फिकट असेल तर ठीक, हळदीसारखं असेल तर कावीळ. हा रंग बिलिरुबिनचा. उजेडात ते विरतं, आकडा खोटा कमी येतो; म्हणून नळी काळ्या कागदात गुंडाळायला नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवते.

लाल पेशी साधारण 120 दिवस जगते. मग प्लीहेत आणि यकृतात तिच्यातल्या हीमचं कडं तुटतं, लोह सुटतं, किंचित कार्बन मोनॉक्साइड निघतो, हिरवं बिलिव्हर्डिन उरतं आणि त्याचं पिवळं बिलिरुबिन होतं. मुका मार बसलेली जागा काळीनिळी, हिरवट, पिवळी होत जाते ती याच क्रमाने. कडं तोडणारं एन्झाइम, हीम ऑक्सिजनेज, 1968 मध्ये टेनहुनेन, मार्व्हर आणि श्मिड यांनी दाखवलं.

मला ओढ आहे ती पुढच्या कामाची. 1974 मध्ये मेन्स आणि कप्पास यांनी उंदरांना कोबाल्ट क्लोराइड दिलं, तर यकृतातलं हे एन्झाइम कित्येक पटींनी वाढलं. सायटोक्रोम पी-450 मात्र घटलं. औषधांचा निचरा करणारं हे प्रथिन हीमवरच चालतं. हीम गेलं की तेही खचतं. कथलाची गोष्ट आणखी विलक्षण. त्याचा साधा क्षार मूत्रपिंडात हेच एन्झाइम चेतवतो. पण प्रोटोपॉर्फिरिनच्या, म्हणजे हीमच्याच, कड्यात लोहाच्या जागी कथील बसवलं, की ते एन्झाइमला अडवतं. 1981 मध्ये ड्रमंड आणि कप्पास यांनी त्याच्या जोरावर नवजात उंदरांची कावीळ रोखली. म्हणून धातू कोणता एवढं विचारून भागत नाही. तो कोणत्या रूपात आणि किती, हेही विचारावं लागतं.

पोटात कोणती पुडी जाते, आमच्याकडे येणारे पेशंट नेमकं हेच सांगत नाहीत. काविळीसाठी गळ्यात माळ घातली तर वेळ जातो, यकृताला ती काही करत नाही. बिननावाच्या पुडीचं तसं नाही. तिच्यात शिसं असेल तर ते हीम तयार होण्याचीच वाट अडवतं. पुष्कळ साचलं तर स्लाइडवर लाल पेशींत निळे ठिपके दिसतात, पण नेहमी नाही.

तेव्हा तपासणीला याल तेव्हा चालू असलेली प्रत्येक पुडी, भस्म, टॉनिक सांगा. जमलं तर डबीच घेऊन या. रक्तातलं शिसं मोजता येतं, पण ते मोजायचं हे आधी कुणाला तरी सुचावं लागतं.