हार्डींचं पोस्टकार्ड

हुशार माणूस देव मानत नाही, हा समज केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात टिकणं अवघड होतं. 1914 साली गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन तिथे पोचले. त्यांना बोलावून घेणारे गणितज्ञ जी. एच. हार्डी कट्टर नास्तिक, तर रामानुजन म्हणत, सूत्रं नामक्कलची नामगिरी देवी सुचवते. सिद्धतेसाठी हट्ट धरायचे ते हार्डी. तरी 1918 मध्ये पूर्णांकांच्या विभाजनांवरचा गाजलेला शोधनिबंध दोघांच्या नावावर निघाला.

गंमत पुढेच आहे. सगळे धर्म आपल्याला कमीअधिक सारखेच खरे वाटतात, असं रामानुजन एकदा म्हणाल्याची आठवण हार्डींनी नोंदवली आणि त्यांची श्रद्धा केवळ आचारापुरती ठरवली. चरित्रकार रॉबर्ट कॅनिगेल यांना ते पटलेलं नाही. देव न मानणाऱ्या मित्रासमोर भिडस्त माणूस दुसरं काय बोलणार?

आणि खुद्द हार्डी? डेन्मार्कहून परतताना समुद्र खवळलेला पाहून त्यांनी म्हणे गणितातलं न सुटलेलं रीमान गृहीतक सिद्ध केल्याचं पोस्टकार्ड टाकलं. एवढं मोठं श्रेय फुकट पदरात टाकून देव आपल्याला बुडू देणार नाही, हा हिशेब! थट्टाच ती, पण थट्टेतही विमा देवाकडेच उतरवला.

त्याच केंब्रिजमध्ये 1899 साली सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले, र. पु. परांजपे बुद्धिवादी म्हणून ओळखले गेले. पण न्यायमूर्ती रानडे त्यांच्याहून बुद्धीने उणे, असं म्हणायला पुण्यात कोणी धजावलं नसतं. आणि रानडे तर प्रार्थना समाजात उपासना चालवत.