आमच्या वस्तीवरची शाळा आणि इनामगावची माणसं



हरभऱ्याची नोंद टाकली तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, नदीकाठी राहून यंदा ऊस का नाही लावला? त्याचं उत्तर माझ्या थोरलीच्या वहीत आहे. म्हणून आजची नोंद पिकाची नाही, घरातल्या शाळेची. पण वाचताना पीकपाणी येईलच मधी मधी.

मागच्या जूनमध्ये आम्ही दोन्ही पोरं घरी ठेवली. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. हौस नव्हती. थोरलीला वाचायला जमत नव्हतं. अक्षरं ओळखायची, पण ओळ पुरी व्हायची नाही. वर्गात हसायची पोरं. मग रोज सकाळी पोट दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले पोटाला काही नाही. पोरांची आई बारावी शिकलेली, ती म्हणाली, वर्षभर माझ्यापाशी राहू दे.

आबा म्हणजे माझे वडील लई चिडले. "आम्हाला शाळा मिळाली नाही म्हणून रडलो, आणि तुम्ही मिळालेली सोडताय." दोन महिने ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही.

पहिले दोन महिने आमचे फुकट गेले. घरात फळा लावला, पाढे घेतले, शुद्धलेखन घेतलं. म्हणजे शाळाच, फक्त भिंत बदलली. थोरलीचं पोट परत दुखायला लागलं.

श्रावणात बाजरी खुरपताना तिनं विचारलं, "आबांच्या आधी हे रान कोण करायचं?" मी म्हटलं त्यांचे वडील. त्यांच्या आधी? त्यांचे वडील. तिनं सोडलंच नाही, मागं मागं जात राहिली. तेव्हा मला इनामगाव आठवलं. आमच्या वस्तीपासून मोटारसायकलवर पाऊण तास, याच घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात. तिथं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी 1968 ते 1983 अशी वर्षानुवर्षं खोदाई केली. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही मोठी माणसं तिथं राबली. ढवळीकरांचं 'महाराष्ट्राची कुळकथा' हे पुस्तक तालुक्याच्या वाचनालयातून आणलं. संध्याकाळी पोरांची आई वाचायची आणि आम्ही सगळे ऐकायचो. आबा पाठ करून बसायचे, पण ऐकायचे.

इनामगावात साधारण इसवी सनाच्या आधी 1600 ते 700 या काळात शेतकरी राहत होते. राजे नाहीत, लढाया नाहीत. सातू हे मुख्य पीक, त्याच्या जोडीला गहू, मसूर, वाटाणा. गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या. कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर, अंगणात चूल, घरात कणगी. धाकटा म्हणाला, "हे तर आपल्यासारखंच आहे." तिथून आमची शाळा खरी सुरू झाली.

आमच्याकडे पोळा भाद्रपदी अमावस्येचा. दावणीला आता बैल नाही, दोन जर्शी गायी आहेत. म्हणून मातीचे बैल पुजतो. इनामगावात एका घराच्या जमिनीत मातीच्या डबीत एक बिनडोक्याची बाईची मूर्ती आणि एक बैल सापडला, दोन्ही न भाजलेल्या मातीचे. बैलाच्या पाठीला भोक आणि मूर्तीलाही भोक, म्हणजे काडी घालून ती बैलावर उभी राहायची. थोरलीनं तसाच बैल केला. तीन दिवस लागले, पाय मोडत होते.

त्याच दिवशी सर्वपित्री. पुस्तकात एक गोष्ट आली होती, ती वाचावी की नाही यावर आम्हा नवराबायकोचं बोलणं झालं होतं. इनामगावात लहान लेकरू गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घराच्या जमिनीतच पुरायचे. अशी दफनं तिथं पुष्कळ सापडली. शेवटी वाचलं. थोरलीनं विचारलं, घरातच का? कोणी काही बोललं नाही. मग माझी आई, जी कधी अशा बोलण्यात पडत नाही, ती म्हणाली, "लांब ठेवायला जीव होत नसंल." थोडं थांबून म्हणाली, "माझं पहिलं बांधावर आहे. लिंबाखाली."

मी पंचेचाळीस वर्षांचा आहे. माझ्या आधी एक भाऊ होता हे मला त्या दिवशी कळलं. त्या लिंबाखाली मी कैक वेळा जेवलोय. सर्वपित्रीला आईनं एक घास वेगळा काढला आणि नातीला घेऊन बांधावर गेली. हे कुठल्या विषयात धरायचं मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून आबांनी पाठ फिरवून बसणं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. घटाभोवतीच्या काळ्या मातीत धान्य पेरतो ते आपण सगळेच. यंदा पोरांनी शेजारी ओल्या गोणपाटात ज्वारीचे 100 दाणे मोजून गुंडाळले. पाचव्या दिवशी 83 उगवले. शेकडा म्हणजे काय, हे थोरलीला तेव्हा एका फटक्यात समजलं. माझं घरचं मालदांडीचं बी पेरायला बरं आहे हेही समजलं.

दिवाळीला सगळी पोरं किल्ला करतात. आमच्या पोरांनी इनामगावचं घर केलं. तुराट्यांचा कूड, त्यावर काळी माती, भुसा आणि शेणाचं लिंपण. कणगी करायची वेळ आली आणि आम्ही अडकलो, मला काय येतंय? आबा उठले. निरगुडीच्या काड्या तोडून आणल्या आणि दीड तासात हातभर उंचीची कणगी विणून दिली. विणता विणता पेवाचं सांगितलं. पूर्वी आमच्या वाड्यात पेव होतं. खालचा मुरूम कोरडा बघून खोदायचं, तळाला-बाजूला कडबा-भुसा द्यायचा, ज्वारी भरायची, तोंड मातीनं लिंपायचं. आणि पेव उघडलं की लगेच कधी उतरायचं नाही. आधी कंदील सोडून बघायचा. विझला तर हवा वाईट, माणूस आत मरतो. थोरलीनं विचारलं, मग 'पेव फुटलं' म्हणतात ते हेच का? आबा म्हणाले, हेच. हे सगळं तिनं वहीत लिहून घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. सात ओळी होत्या, तीत चुका अकरा. आम्ही एकही दुरुस्त केली नाही.

फसलेलंही सांगतो, नाहीतर ही जाहिरात होईल. लाल भांड्यावर काळी नक्षी, अशी तेव्हाची जोर्वे पद्धतीची मडकी. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं गाव, तिथं ती आधी सापडली म्हणून ते नाव. येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात पोरांनी इनामगावची भांडी डोळ्यांनी बघितली आणि घरी येऊन ओढ्याच्या गाळाची मडकी केली. गोवऱ्यांत भाजायला ठेवली तर फटाक्यासारखी फुटली, एक राहिलं नाही. धाकटा रडला. गावातल्या कुंभारमामांनी सांगितलं, मातीत राख आणि लीद घाल, सावलीत आठवडाभर वाळव, घाई करू नको. दुसऱ्या खेपेला 12 पैकी 7 टिकली. त्यातून अपूर्णांक शिकवून झाले.

आता उसाचं.

इनामगावच्या लोकांनी नदीच्या पुराचं पाणी वळवायला दगड-मातीचा बांध घातला होता आणि चारी खोदली होती. तीन हजार वर्षांपूर्वी! पुढं पाऊस कमी होत गेला. शेवटच्या काळात मोठी चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. शेती घटली, शेळ्या-मेंढ्या वाढल्या. शेवटी गाव उठलं. थोरलीनं विचारलं, "बांध घातला तरी हरले का ते?"

आबा म्हणाले, "हरले कशाला? 72 ला आम्ही खडी फोडली, सुकडी खाल्ली. हरलो का? पाणी बघून अंथरूण केलं."

पण ती तेवढ्यावर थांबली नाही. तिनं आमच्या विहिरीचं माप घ्यायला सुरुवात केली. दोरीला फुटाफुटावर गाठी, टोकाला दगड, दर रविवारी नोंद. घटस्थापनेनंतर पाऊस पडलाच नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला 34 फूट पाणी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 27. तेही फक्त कांद्याला पाणी देऊन. मी एका एकरात पूर्वहंगामी ऊस लावायचं ठरवलं होतं, बेणं सांगून ठेवलं होतं. एका रात्री ती वही घेऊन आली. भागाकार तिला येत नव्हता, तिनं सात-सात वजा करत लिहिलं होतं. 27, 20, 13, 6. "बाबा, फेब्रुवारीत विहीर संपली. तुमचा ऊस तेव्हा केवढा असेल?"

विहिरीचं गणित इतकं सरळ नसतं हे इथल्या जाणकारांना सांगायला नको. पाझर असतो, उपसा बदलतो, थंडीत पिकाची तहान कमी असते. मी तिला ते सगळं समजावलं. समजावताना माझंच मला कळलं की मी पाणी न मोजता बेणं सांगितलंय. दुसऱ्या दिवशी फोन करून नाही म्हटलं. तिथं हरभरा पेरला, दोन पाणी दिली, एकरी साडेसहा क्विंटल झाला. उसाएवढा पैसा नाही. पण फेब्रुवारीअखेर विहिरीत 9 फूटच पाणी उरलं होतं, आणि ते गायींना आणि कांद्याला पुरलं. शेजाऱ्यांनी ऊस लावला ते चुकले असं मी म्हणत नाही, त्यांच्या बोअरला पाणी आहे. ज्यानं त्यानं आपली दोरी सोडून बघावी.

एक गुंठा सातूही पेरला होता, किलोभर बी. पाखरांनी निम्मा खाल्ला, 9 किलो हाती आला. पाडव्याला त्याची भाकरी केली. थापताना तुटत होती, आईनं तीत ज्वारीचं पीठ मिसळलं तेव्हा जमली. पोरांच्या त्या सात मडक्यांतल्या एकात गुढीचा गूळ ठेवला होता. आबांनी भाकरी खाल्ली, म्हणाले, "कोरडी आहे. पण दुष्काळात गोड लागली असती."

पुढचं काय? थोरली आता ओळ पुरी वाचते, सावकाश, बोट ठेवून. पाढे बारापर्यंत. इंग्रजीत दोघंही मागं आहेत, ते लपवत नाही. खेळायला बरोबरीची पोरं कमी पडतात, हीपण खरी उणीव आहे. मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवीच्या परीक्षेची चौकशी केली आहे. आबांचं म्हणणं अजून तेच, जूनला शाळेत घाला. धाकट्याला घालणार आहोत, त्याला जायचंच आहे. थोरलीला विचारलं तर म्हणाली, जाईन, पण रविवारी विहीर मीच मोजणार.

तुमच्या घरात कोणाला कणगी विणता येत असेल, पेव भरल्याचं आठवत असेल, तर या सुट्टीत पोरांना त्यांच्याशेजारी बसवा. आणि हो, नांगरताना जुनं खापर, मणी काही वर आलं तर उकरत बसू नका. जागा लक्षात ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.

पुढची नोंद कांदा साठवणुकीची. राम राम.