उमटलेली वेळ

सी भाषेच्या आयएसओ प्रमाणकात फाइल पुसायला फंक्शन आहे, तिचं नाव बदलायला आहे. तिच्यावरची तारीख-वेळ बदलायला नाही. त्यामुळे बॅकअपचं किंवा अर्काइव्हचं साधन लिहायला बसलेला माणूस लगेचच प्रमाणकाबाहेर पडतो आणि ज्या त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या दारात जाऊन उभा राहतो. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समधलं युटाइम फक्त सेकंद जाणतं. १९८३ च्या ४.२ बीएसडीतलं युटाइम्स मायक्रोसेकंदांपर्यंत पोचतं. २००८ च्या पॉझिक्समधलं युटाइमेन्सॅट नॅनोसेकंद घेतं. विंडोजचं सेटफाइलटाइम १ जानेवारी १६०१ पासून शंभर-शंभर नॅनोसेकंदांचे ठोके मोजतं. १६०१ आणि १९७० यांच्यात ११,६४,४४,७३,६०० सेकंदांचं अंतर आहे. हा आकडा मला तोंडपाठ आहे आणि चारचौघांत तो न बघता फळ्यावर लिहायला मला आवडतं.

या सगळ्यांना एका फंक्शनमागे ठेवणारी फाइल मी बरीच वर्षं सांभाळतो आहे. हल्ली माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या मुलीनं त्या फाइलीतल्या अर्ध्याहून अधिक इफडेफच्या फांद्या छाटल्या. सोलारिस गेलं, एचपी-यूएक्स गेलं, मॅकची जुनी फांदीही गेली. कारण मॅकवर युटाइमेन्सॅट २०१७ च्या हाय सिएरात आलं आणि त्याआधीचा मॅक आमच्या कुठल्याच ग्राहकाकडे उरलेला नाही. तिचं एकही कारण मला खोडता आलं नाही. तरी मंजुरी द्यायला मी दोन दिवस लावले. त्या फांद्या म्हणजे मी कुठकुठल्या यंत्रांवर हात चालवला आहे याची यादी होती. नवा माणूस आला की ती फाइल मी त्याला मुद्दाम उघडून दाखवायचो, आणि त्याचे डोळे विस्फारलेले बघायला मला बरं वाटायचं.

छाटणी झाल्यावर तिनं विचारलं, ‘‘सर, आता सगळीकडे बारीकातली बारीक वेळ लिहितोय. फंक्शनही शून्य परत करतंय. मग टेस्ट का पडते?’’

याच प्रश्नाभोवती मी इतकी वर्षं घुटमळतो आहे. कॉल यशस्वी होणं आणि वेळ उमटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलतो, पण निकाल देते फाइल सिस्टिम. एनटीएफएस शंभर नॅनोसेकंदांपर्यंत वेळ ठेवते. एक्स्ट-३ एका सेकंदाच्या आत बघत नाही. एक्स्ट-४ नॅनोसेकंद ठेवते, पण आयनोडमध्ये तेवढी जागा असेल तरच. मॅकची जुनी एचएफएस प्लस सेकंदावर थांबते, एपीएफएस नॅनोसेकंदांपर्यंत जाते. आणि पेनड्राइव्हवरची फॅट बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत ठेवते, वाचल्याची तर नुसती तारीख. एकाच लिनक्सवर, एकाच कॉलनं, शेजारशेजारच्या दोन फोल्डरांत दोन वेगळी उत्तरं मिळतात. ऑपरेटिंग सिस्टिमच्या नावावरून पाडलेली इफडेफची फांदी इथे उपयोगाची नाही, कारण कंपाइल होताना कोड कुठल्या डिस्कवर चालणार हे कुणालाच ठाऊक नसतं.

बरं, जे ठेवलं ते परत वाचणंही सरळ नाही. पॉझिक्समध्ये नॅनोसेकंदांचं खातं एका नावाचं, मॅकवर दुसऱ्या नावाचं, आणि मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीच्या स्टॅटमध्ये ते खातंच नाही, तिथे सेकंदच मिळतात. लिहायचं एका मापानं आणि वाचायचं दुसऱ्या मापानं, अशानं टेस्ट पडणारच. विंडोजवर सेटफाइलटाइमनं लिहिलेलं गेटफाइलटाइमनंच वाचावं, स्टॅटला मध्ये घेऊ नये.

शेवटचे अंक सुटले तर काय बिघडलं, असं विचारणारे भेटतात. मेक घ्या. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलेलं ते साधन फाइलींच्या वेळांची तुलना करूनच काय नव्यानं बांधायचं ते ठरवतं. नॅनोसेकंद वाचून मायक्रोसेकंद लिहिले की प्रत मूळ फाइलीपेक्षा केसभर जुनी ठरते. मग फक्त नवं तेवढं उचलणारी कॉपी दर वेळी तीच फाइल पुन्हा उचलते, आज, उद्या, कायम. वरच्या अंकाकडे ओढावं तर फाइल भविष्यात जाते आणि मेक इशारा देत बसतं. विंडोज एनटीएफएसवरून फॅटवर नेताना पुढच्या सम सेकंदाकडे ओढतं. लिनक्स मागच्या सम सेकंदावर सोडून देतं. एकाच पेनड्राइव्हवर दोन यंत्रांनी ठेवलेली एकच फाइल दोन सेकंदांनी वेगळी निघू शकते. रोबोकॉपीत यासाठी दोन सेकंदांची सवलत देणारा खास पर्याय आहे, आरसिंकमध्येही अशी मुभा देता येते. मी खालच्या अंकाचा पक्षपाती आहे. भविष्यातल्या वेळेपेक्षा भूतकाळातली वेळ कमी घात करते.

पण खालचा अंक म्हणजे कुठला, हेही सांगावं लागतं. समजा कुणी १ मे १९६० चं वर्तमानपत्र स्कॅन करून फाइलीला त्याच दिवसाची वेळ लावतो आहे. सेकंद ऋण होतात. सी-९९ पासून पूर्णांकांचा भागाकार शून्याकडे झुकतो, त्यामुळे उणे दीडचं उणे एक होतं. आपल्याला हवं असतं उणे दोन सेकंद आणि वर अधिक पन्नास कोटी नॅनोसेकंद. ही एक ओळ पाहून लिहिणाऱ्याची पारख करता येते, असं मी मानतो. आणि ती बरोबर लिहूनही मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीतलं युटाइम १९७० च्या आधीची वेळ घेत नाही, फॅटला १९८० च्या आधीचं जगच माहीत नाही. महाराष्ट्राच्या स्थापनेचा दिवस पेनड्राइव्हवरच्या फाइलीला लावता येत नाही!

या बाबतीत मी ज्यांच्यापुढे नम्र होतो ते पॉल एगर्ट. जीएनयूच्या ग्नूलिबमधला त्यांचा वेळांची तुलना करणारा कोड डिस्कची क्षमता गृहीत धरत नाही. दिसलेल्या वेळांवरून तो अंदाज बांधतो, प्रत्येक डिस्कसाठी तो लक्षात ठेवतो आणि अडलंच तर वेळ लिहून काय उमटतं ते पडताळतो. तो कोड प्रथम वाचला तेव्हा मला हेवा वाटला होता. अजूनही वाटतो.

हेव्याच्या उलट जे वाटतं तेही सांगतो. अनेक लोकप्रिय लायब्ऱ्या, नोडच्या पोटातली लिबयूव्हीसुद्धा, वेळ डबलमध्ये, सेकंदांचा अपूर्णांक म्हणून घेतात. आजच्या तारखेच्या आकड्याला डबलमध्ये जवळजवळ २३८ नॅनोसेकंदांची पायरी पडते. त्याहून बारीक काहीही वाटेतच गळतं, डिस्कपर्यंत पोचतच नाही. पायथननं ही चूक ओळखून २०१२ च्या ३.३ आवृत्तीत नॅनोसेकंद पूर्णांकात घ्यायची सोय केली. ज्यांनी अजून केली नाही त्यांना सोपं दिसणं खरं असण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं, असं माझं मत आहे आणि ते मी मवाळ करणार नाही.

तरुण मंडळींचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. गिट वेळ जपतच नाही, नवी बिल्ड साधनं आशयाचा हॅश बघतात, मग वेळेचा हा जाच कशाला? बिल्डपुरतं मी मान्य करतो. पण हॅश आत काय आहे ते सांगतो, कधीचं आहे ते सांगत नाही. वडिलांच्या हार्ड डिस्कवरचे फोटो, दाव्यातले कागद, प्रयोगशाळेतली नोंद, यांची वेळ बॅकअपमधून परत आणताना आजची होऊन गेली तर गेलेली माहिती कुठलाच हॅश परत देणार नाही.

पुण्यात बसून काही दोष दिसतच नाहीत, हे मी तिला आवर्जून सांगितलं. फॅट स्थानिक घड्याळाची वेळ लिहिते आणि विंडोज ती यूटीसीत नेताना आत्ता लागू असलेला फरक धरतं. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ सरकलं की त्या डिस्कवरच्या सगळ्या फाइली एका तासानं हलल्यासारख्या दिसतात. आपल्याकडे घड्याळ सरकत नाही, टेस्ट वर्षभर हिरव्या राहतात. म्हणून बिल्डच्या यंत्राला बर्लिनचा टाइमझोन लावून द्यावा. एक्सफॅटनं हे सुधारलं. तिथे प्रत्येक वेळेशेजारी पंधरा-पंधरा मिनिटांच्या मापात फरकाची नोंद असते आणि आपले साडेपाच तास तिथे बावीस म्हणून बसतात.

आपल्याकडेच दिसणारा दोषही आहे. विंडोजमध्ये मराठीसाठी जुन्या धर्तीचं एएनएसआय कोड पेज कधी नव्हतंच. ‘अहवाल’ नावाची फाइल साध्या कॅरेक्टर पॉइंटरनं द्या, तिची वेळ बदलणं दूरच, सहसा फाइल सापडतच नाही. रुंद अक्षरांचे कॉल वापरलेले बरे. माझ्या टेस्टमध्ये म्हणूनच देवनागरी नावं आहेत.

आता तिनं मांडलेला बदल. आमचं फंक्शन शून्य किंवा उणे एक परत करायचं. तिचं म्हणणं, त्यानं लिहून झाल्यावर त्याच हँडलवरून परत वाचावं आणि प्रत्यक्षात उमटलेली वेळ हाती द्यावी. पुढची प्रत्येक तुलना तिच्याशी व्हावी, मागितलेल्या वेळेशी नव्हे. मी खूप वाद घातला. एक जादा सिस्टिम कॉल, बिघडणारी सही, जुने कॉलर. खरं कारण वेगळं होतं: त्या फंक्शनची सही माझी होती, सुबक होती, आणि कुणी तिला हात लावावा असं मला वाटत नव्हतं. तिनं लिहिलेलं वाचल्यावर मात्र मला एगर्ट यांच्या कोडची आठवण झाली. दोघांचं तत्त्व एकच: डिस्कवर विश्वास ठेवायचा नाही, तिला विचारायचं. मी तेच तत्त्व वर्षानुवर्षं टेस्टमध्ये वापरत होतो, तिनं ते थेट फंक्शनमध्ये आणलं.

बदल गेल्या आठवड्यात मुख्य शाखेत गेला. सोबत मी माझ्याकडून दोनच अटी घातल्या. बफर रिकामा केल्याशिवाय वेळ लिहायची नाही, नाहीतर फाइल बंद होताना उरलेले बाइट तिच्यावर आजची वेळ उमटवतात. आणि फोल्डरची वेळ आतल्या सगळ्या फाइली झाल्यावर, सर्वांत शेवटी. दोन्ही तिला आधीच माहीत होत्या. फाइलीच्या डोक्यावर आता तिचं नाव माझ्या नावाखाली आहे. क्रम तसाच राहावा अशी माझी इच्छा आहे, आणि ती मी तिला बोलूनही दाखवली.