सरासरीतला दक्षिण वारा

हवामानयंत्रं बसवणं आणि ती सांभाळणं हा माझा धंदा. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत लोक खांबावरच्या फिरत्या वाट्या कौतुकानं बघतात. खालच्या पांढऱ्या पेटीतल्या, नोंदी ठेवणाऱ्या लॉगरकडे कुणाचं लक्ष जात नाही. खरं तर सगळे निर्णय तिथं होतात.

लॉगरला ऊन-पाऊस कळत नाही. त्याला कळतं व्होल्टेज, आणि स्विच मिटला की उघडला एवढंच. तापमानासाठी प्लॅटिनमची तार असते: शून्य अंशाला १०० ओहम, पुढे अंशामागे साधारण ०.३८५ ओहमची वाढ. लॉगर तिच्यातून क्षणभर बारीक प्रवाह सोडतो, व्होल्टेज मोजतो आणि प्रवाह तोडतो. सतत चालू ठेवला तर तारच तापेल. लांब वायरीचा एखादा ओहम त्यात मिसळला, तर कागदावर बाग अडीच अंशांनी उकडते. म्हणून वायरी चार: दोन प्रवाहाला, दोन मोजायला. मग आकडा करायचा. १२ बिटांचा लॉगर ५ व्होल्टचे ४,०९६ भाग पाडतो, म्हणजे एक भाग सव्वा मिलिव्होल्टच्या आतबाहेर. त्याहून बारीक फरक त्याच्या लेखी नाहीच. पर्जन्यमापक त्या मानानं भोळा: ०.२ मिलिमीटर पाऊस साठला की आतली वाटी कलंडते, चुंबक स्विचवरून सरकतो, लॉगर एक मोजतो.

हे मोजणं दर १० सेकंदांनी चालतं, नोंद मात्र १५ मिनिटांनी एकच. मधल्या ९० आकड्यांचं काय करायचं ते प्रोग्रॅम ठरवतो. पावसाची बेरीज, तापमानाची सरासरी, वाऱ्याचा कमाल झोत. आणि दिशा?

एका थंडीत निफाडकडच्या बागायतदार काकांचा फोन आला. "अहो, वारं वरनं येतंय, हुडहुडी भरलीय, आणि तुमचं यंत्र दक्षिण म्हणतंय!" जाऊन पाहिलं तर दिशादर्शक उत्तरेकडेच तोंड करून, किंचित डावी-उजवीकडे हलत होता. सेन्सर ठीक, वायरिंग ठीक. आधी कुणीतरी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये दिशेचीही साधी सरासरी होती. ३५० अंश आणि १० अंश, दोन्ही उत्तरच. बेरीज करून दोनाने भागा, १८० येतात. दक्षिण! प्रत्येक दिशेचे साइन आणि कोसाइन काढायचे, त्यांची वेगवेगळी सरासरी घ्यायची, आणि त्यावरून कोन काढायचा, हा त्यावरचा इलाज. दुरुस्ती लॅपटॉपवरून तिथंच झाली.

"मग मागच्या नोंदी?" काकांनी विचारलं. त्या सुधारणं शक्य नव्हतं. लॉगरनं फक्त सरासरी ठेवली होती, मूळ आकडे कधीच पुसले गेले होते.

सरासरीत मूळ माहिती हरवते, हा धडा काकांनी माझ्याही पुढे नेला. पानाच्या ओलाव्याचा रकाना उघडायला लावला. हा ओलावा मोजणाऱ्या जाळीदार पट्टीचा रोध पाणी पडलं की उतरतो. त्याचीही आम्ही सरासरी लावली होती. ते म्हणाले, "सरासरी ओलावा घेऊन मी काय करू? डावणीचा रोग येतो तो पान किती वेळ ओलं राहिलं त्यावर. मिनिटं सांगा."

ओलं कधी म्हणायचं याची मर्यादा ठरवायला आम्ही पट्टीवर पिचकारीनं पाणी मारत बसलो, आणि दर १५ मिनिटांत किती मिनिटं ओली हा नवा रकाना टाकला. सरासरीचा रकाना काकांनी काढूनच टाकायला लावला.